गल्लीचे चार टायर

ताल्का गावात ऑगस्टच्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याच्या, थंडीत गाड्यांच्या वार्षिक तपासणीची रांग लागली होती. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याला एका बाईंनी हटकलं.

“काका, गाडी एवढी खिळखिळी आणि टायर मात्र कोरे करकरीत?”

“गल्लीचे आहेत, बाई. सहा घरांत मिळून चारच घेतलेत. ज्याची तपासणी, त्याने लावायचे. तेवढेच पैसे वाचतात.”

“भांडणं नाही होत?”

“कशाला होतील? नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावर महिना ठरतो. सहा गाड्या, सहा आकडे, सहा महिने.”

“वा, डोकं लढवलंत!”

“पण आमच्या पोरीने, यास्नाने, घोळ घातला. लग्न करून नवऱ्याला गल्लीतच आणणार होती.”

“मुलगा वाईट होता?”

“सोन्यासारखा. शाळेत मास्तर, दारूला शिवत नाही.”

“मग?”

“त्याच्या गाडीचा आकडा पाच, माझ्याही गाडीचा पाच! ऑगस्टात गाड्या दोन आणि टायर चार. जूनमध्येच लग्न मोडलं मी. पोरगी अजून बोलत नाही माझ्याशी.”

“अहो काका, ऑगस्टला एकतीस दिवस असतात. त्याने सोमवारी लावायचे, तुम्ही मंगळवारी!”

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

“बाई, तुम्ही जूनमध्ये कुठे होता?”