इंजिनावर पाणी कोणी मारलं

बाबा : हात लावू का? की गरम असेल अजून?

मुलगा : गार आहे. सकाळपासून गाडी सुरूच केली नाही. गरम इंजिनाला ओलं फडकंसुद्धा लावायचं नसतं. तुम्ही बसा ना खुर्चीत.

बाबा : बसतो. पण नीट बघून ठेवतो. ही काळी वायर का काढलीस?

मुलगा : बॅटरीची आहे. ती आधी सुटी करायची. मग पिशव्या बांधायच्या. हा फ्यूजचा डबा, हा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, आणि इथून इंजिन हवा घेतं, ते तोंड. एवढं झाकलं की कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, तेलकट जागी क्लीनरचा थोडा फवारा मारायचा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. मग बॉनेट उघडं ठेवून वाळू द्यायचं. जोराचं पाणी मारायचंच नाही.

बाबा : आणि परवा मी ते मारलं.

मुलगा : जाऊ द्या ते.

बाबा : नाही, सांग मला. कशाने मारलं? झाडांच्या पाइपने, की तुझ्या त्या गाडी धुवायच्या मशीनने?

मुलगा : मशीनने.

बाबा : ते मला चालू करता येतं?

मुलगा : तो ब्रश द्या जरा.

बाबा : घे. रागावू नकोस, पण मला त्यातलं काहीच आठवत नाहीये. गाडी सुरू होईना म्हणून मेकॅनिक आला, त्याने विचारलं, इंजिनावर पाणी कोणी मारलं. तू म्हणालास, बाबांनी. सगळे शेजारी उभे होते. मीही हो म्हटलं. म्हटलं, तू कशाला खोटं सांगशील, केलंच असेल मी. तेव्हापासून आठवून बघतोय. मशीनचा आवाज आठवत नाही, कपडे भिजलेले आठवत नाहीत.

मुलगा : तो मेकॅनिक जरा जास्तच बोलला तुम्हाला.

बाबा : त्याचं काही नाही रे. तुझ्या मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग घराचं दार. शेवटी मला विचारायचा, आपण कोण? काल मी गॅस बघून आलो, अंथरुणावर पडलो आणि परत उठून बघायला गेलो. सूनबाईला सांगून टाकलं, छोटीला शाळेतून आणायला मला पाठवू नकोस. रस्त्यात हात सोडला तिचा, आणि विसरलो तर?

मुलगा : तुम्ही सांगितलंत? मला वाटलं, तीच नको म्हणाली.

बाबा : ती तर पाठवायलाच निघाली होती. मीच हट्ट धरला. डॉक्टरांकडे नंबरही लावायला सांगितलाय. तुला कळू द्यायचं नव्हतं.

मुलगा : बाबा.

बाबा : ती पिशवी सुटतेय बघ.

मुलगा : बाबा, तुम्ही नाही धुतलं इंजिन. मी धुतलं. तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा.

(बाबा खुर्चीतून उठतात.)

मुलगा : अख्ख्या बिल्डिंगला मी गाड्यांमधलं शिकवत असतो. त्यांच्यासमोर मेकॅनिकने विचारलं, आणि तुम्ही नेमके जिना उतरत होतात. तोंडातून निघून गेलं. तुम्ही हो म्हणालात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

बाबा : म्हणजे मी विसरलो नाही.

मुलगा : नाही.

बाबा : नक्की ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?

मुलगा : नाही हो. माझे बूट भिजले होते बघा त्या दिवशी.

बाबा : हो, गच्चीत वाळत होते. मी विचारलंही तुला, पाऊस नाही तर बूट कसे भिजले? तू म्हणालास, ऑफिसात नळ फुटला.

मुलगा : म्हणालो.

बाबा : बघ, ते मला आठवतंय. शब्द न् शब्द आठवतोय.

सून : बाबा, इथे आहात होय? डॉक्टरांकडून फोन आला होता. उद्या सकाळी बोलावलंय. मी येते बरोबर, घाबरू नका.

मुलगा : डॉक्टरांची गरज नाही. इंजिन मी धुतलं होतं. बाबांचं नाव मी उगाच घेतलं.

सून : काय म्हणालात?

मुलगा : खोटं बोललो. मेकॅनिकशी, सगळ्यांशीच.

सून : अहो, दोन रात्री झोपले नाहीत ते. त्यांच्या खोलीतला दिवा चालू होता. तुम्ही पाणी प्यायला उठलात, तेव्हा दिसला असेल की.

मुलगा : दिसला.

सून : बाबा, चला तुम्ही आत.

बाबा : तू हो पुढे.

सून : पण बाबा...

बाबा : येतो गं. आत्ता त्याला एकट्याला सोडायला नको.