तळहाताचा वास

नाही ताई, मान तशीच असू द्या, त्या गोल उशीत — हां, आता खांदे सोडा. सोडले म्हणता, पण सोडत नाही कुणी. लव्हेंडरचंच तेल म्हणालात ना? सगळ्या तेच म्हणतात. झोप लागत नाही, लव्हेंडर द्या. नवऱ्याशी वाजलं, लव्हेंडर द्या. तसा गुण आहे हो त्यात, नाही कशाला म्हणू? चार खोल श्वास घेतले की पाठीचा दगड हाताखाली मऊ होत जातो. तुमचा होत नाहीये — मुक्काम ठोकलाय त्यानं, दुसरं काय!

आमच्या ह्यांना माझ्या कामाची भारी गंमत. मी घरी गेले की आधी हात पुढे करायचा. तळहात नाकाशी धरून ओळखायचे — ‘आज लव्हेंडर, म्हणजे कुणाची तरी झोप उडालीय. आज निलगिरी, म्हणजे सर्दीवाल्या बाई.’ चुकायचे नाहीत कधी. सासूबाई म्हणायच्या, बायकोचा हात आहे की भाजीची जुडी? — दुखतंय? बरं, हळू करते.

शेवटी शेवटी त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं, तरी हात मागायचेच. त्या दिवशी मी मुद्दाम लव्हेंडर चोळून गेले, म्हटलं, शांत वाटेल जिवाला. बराच वेळ धरून ठेवला हात. मग म्हणाले, ‘आज सुट्टी होती का गं?’ मी हो म्हटलं. काय म्हणणार? — ते गेले, तेव्हापासून मलाही वास नाही येत. कशाचाच. डॉक्टर म्हणतात, नाक चांगलं आहे, येईल हळूहळू. मलाही घाई नाही. दूध नासलं तरी कळत नाही, एवढंच.

आता बोलून बसलेच आहे तर — मालकीणबाईंना नका सांगू हं. वासाचं काम आणि नाकच बंद, ठेवतील का मला? चालतं तसं. बाटल्या सगळ्या सारख्याच, चिठ्ठी तेलानं गळून पडते, म्हणून दोरे बांधलेत मी. लव्हेंडरला जांभळा, निलगिरीला हिरवा. आज सकाळी सफाईवालीनं बाटल्या घासल्या नि दोरे सगळे कापून टाकले. चकाचक करून दिल्या बिचारीनं. मग मी आपली जागेवरून उचलली — डावीकडून दुसरी.

का हो? उठताय का? तास व्हायचाय अजून.

काय, निलगिरी?

खरंच? नीट बघा ना. हा घ्या हात — असा नाही, जरा जवळ धरा. डोळे मिटून. निलगिरीच? नक्की?

...

बरोबर ओळखलंत.

सोडा आता हात. सोडा, ताई. व्हा पालथ्या — बाटली बदलते, आणि आता बोलत नाही मी.