दोन बोटं जागा

हॅलो? … हो, बोल चिमे. पोचलीस नर्सरीत? … थांब, थांब, एकदम पाच कुंड्या सांगू नकोस. माझे हात मातीचे आहेत, फोन खांद्याने धरलाय.

हो, झाड बाहेर काढलं. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून बाबांच्या मांडीवर दिलंय. बसलेत गॅलरीत, तान्हं बाळ घेतल्यासारखे. … अर्ध्या तासाने काही होत नाही गं. पण फार उशीर नको, मुळं सुकतील.

हं, सांग. रुंदी किती? … अठरा इंच? अगं, बॉन्साय करायचं पाईनचं एवढंसं रोप, त्यात पोहायचंय का त्याला? … मी कधी सांगितलं पंधराचं माप? … अरे देवा. तो फांद्यांचा पसारा सांगितला होता. कुंडी फांद्यांना घालायची की मुळांना? … बरं बाई, माझं चुकलं. आता ऐक. मुळांचा गड्डा माझ्या वितीला दोन बोटं कमी. … तुझी वीत नको धरू, तुझे हात लहानपणापासून फावड्यासारखे. सहा इंच धर. आणि चहूबाजूंनी दोन-दोन बोटं जागा. म्हणजे नऊ इंच. बास.

मोठी घेतली तर काय बिघडतं? … चिमे, तू विचारतेस हे? आधीचं झाड कसं गेलं? … हो, माझ्याच हातून गेलं, मी कुठे नाही म्हणते? ऐसपैस वाढू दे म्हणून बादलीएवढ्या कुंडीत घातलं. मुळं एवढीशी, माती ढीगभर, आठ-आठ दिवस वाळेचना. ते खालून कुजतंय आणि मी वरून पाणी घालतेय. बाबांनी ती कुंडी धुऊन पालथी ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. … तेच तर. त्यांनी पेरलेल्यातलं हे शेवटचं. आता अंदाजपंचे काही करायचं नाही मला.

कुठली? … निळी. चकचकीत. बरं, खोल किती? … तीन बोटं? मग ती ताटली झाली. … सुंदर असेल गं, मी कुठे नाही म्हणते. पण झाड पाच वर्षांचं, खोड अजून करंगळीएवढं. आत्ताच उथळ कुंडीत कोंडलं तर तेवढंच राहील. आधी वाढायची कुंडी, खोड भरलं की मग मिरवायची. … दहा वर्षं तरी. … 

हं. … ऐकतेय, बोल.

… नाही, मला कळत नाही असं नाही. बाबा एक्याऐंशीचे आहेत. मलाही मोजता येतं. … म्हणून काय, त्यांना दाखवायला झाड सजवून बसवू? दोन वर्षांत खुरटेल, आणि सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येईल. … रागावले नाही गं. मलाही वाटतं, त्यांनी बघावं. तरी नाहीच म्हणते.

नऊ इंची आहे का साधी? चार इंच खोल असली तरी पुरे. … एकदम सात, नाहीतर बारा? मग राहू दे. आहे माझ्याकडे. … भाजी धुवायची चाळण. … चेष्टा नाही, आत्ताच मोजली, बरोब्बर नऊ. सगळीकडून भोकं, पाणी थांबायला जागा नाही, मुळांना हवा. माती जाडीभरडी आहे, गळायची नाही. … तुझे भावजी? ते मघापासून दारात उभे आहेत, भाजी कशात धुवायची म्हणून.

… बाबांना? मीच विचारू? … बरं. धर जरा.

बाबा, चिमी म्हणते निळी कुंडी घेऊ का. फार सुंदर आहे म्हणते, आजच लावता येईल. … नाहीतर ही चाळण. मग दहा वर्षं.

…

हॅलो. … विचारलं. … सांगते ना. ते म्हणाले, घे निळी. … थांब, हसू नकोस, पुढचं ऐक. म्हणाले, पण एक माप मोठी घे. आपण लावू तोवर खोड मनगटाएवढं झालेलं असेल, ही पुरायची नाही.

… चिमे? … आहेस ना? … अगं, दुकानात रडतेस काय, तो माणूस बघत असेल. … मी नाही रडत. माझे हात मातीचे आहेत, मला डोळेसुद्धा पुसता यायचे नाहीत.

हो, मोठीच घे. कागदात नीट गुंडाळून आण, माळ्यावर ठेवू. आणि झाड चाळणीला बांधायला बारीक तार… नाही, ठेव आता फोन. बाबा उठले बघ. चाळण ओढून माती भरायला घेतलीसुद्धा त्यांनी, मला न विचारता. … हो, ठेवते.

बाबा, जपून. भोवती दोन बोटं जागा ठेवा… हो, तुमचीच बोटं.