पांढऱ्या टायरची गाडी

बीडच्या स्टँडवर सिरसाळ्याच्या गाडीची वाट बघत रुद्रप्पा बसले होते. मागच्या बाकड्यावरच्या दोघी बायांकडं त्यांचे कान आपसूक लागले.

"ताराबाई, तुमचं पोरगं औरंगाबादेत काय करतंय?"

"औषधाच्या नव्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतंय. खोकी उचलायची गाडी."

"पंक्चर झाली तर?"

"टायरात हवाच न्हाई, सगळं भरीव रबर. हवेचे टायर भाईर खडीवर चालणाऱ्या गाडीला."

"काळेच ना?"

"न्हाई बाई, पांढरे! काळ्याचे वळ उमटत्यात. आतली फरशी लई चकाचक, डाग चालत न्हाई."

"तुमाला सोडलं आत?"

"खंडेनवमीला गेलते की! चपला काढून गाडीची पूजा केली. फरशीभर माज्या मातकट पायाचे ठसे."

"अगं बया! मंग?"

"झाडूवाला पुसाया आला. पोरगा म्हणला, 'थांब बे. माजी माय आलती, दिसू दे सगळ्यांला.'"