विहीनबाईच्या वाफ्याचं निंदण

...हसू नका वं बायांनो! आधी पुरतं आयका, मंग हसा. चाळीस वर्सं धानाच्या बांधीत वाकली मी. पानावर पिवळा ठिपका दिसला का हात आपोआप जाते माहा... हिरवं नाही, म्हणजे रोगच ना? सांगा!

लेक करुणा दिली तुमसरले. लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाले गेली मी तिच्याकडे. पोरगी कानात म्हणते, "आई, सासूबाईसमोर तोंड आवरजो!" म्हटलं, तोंड आवरीन, हातानं काम करीन. बसून चहा ढोसणारी पाहुणी मी नाही! सकाळी उठली, घरचे झोपलेलेच, अंगणात गेली... अन् पाह्यलं तं काय! वाफा कसा सजवलेला, अन् सारी झाडं बिमार! एकाचं पान जांभळं, एकाचं लाल, एकावर पिवळे शिंतोडे... बिचारी विहीन, शहरातली, तिले काय समजते? पदर खोचला अन् अर्ध्या घंट्यात वाफा साफ! मुळासकट! तुळस तेवढी ठेवली, हिरवीगार होती म्हणून.

विहीन विजयमालाबाई बाहेर आल्या. ढिगाकडे पाह्यलं, वाफ्याकडे पाह्यलं. मी आपली छाती काढून, "विहीनबाई, रोग होता, पसरला असता!"

शिवी दिली असती ना, तं मी दोन दिल्या असत्या, मोकळी झाली असती. पण बाई हळूच म्हणते, "क्रोटन होते ते... अन् कोलियस, रंगीत पानांचे. चार वर्षं जमवले होते. चला, चहा घ्या."

चहा! माय वं! करुणा दारात उभी, मान खाली. हात माहे अन् मान लेकीची गेली... पण हिरवं नाही, म्हणजे रोगच ना? कोणाले इचारू?

म्हटलं, वाफा भरून देईन. नेलं विहीनबाईले नर्सरीत. तिथला माणूस म्हणते, "काकू, आपल्या गरमीत फुलं कोमेजते, रंगीत पानंच टिकते. निवडा!" निवडू? काय निवडू? जिकडे पाहा तिकडे करपा! मंग म्या युक्ती केली. जे झाड पाहून जीव घाबरे, तेच उचललं. जेवढं बिमार, तेवढं भारी! विहीनबाई म्हणते, "वा! तुमची निवड चांगली हो!" लाज वाटली वं... जमीन फाटली असती तं गेली असती आत.

निघताना एक कुंडी हातात दिली, पिवळ्या ठिपक्याची. "हे तुमच्या अंगणाले. पुढच्या महिन्यात येते, पाहते कसं वाढलं." करुणा पहिल्यांदा हसली. तिच्या त्या हसण्यापायी आपल्या आंधळगावले आणली, दारात ठेवली, लेकरावाणी पाणी पाजलं.

काल बाजारातून आली, तं शेजारची मनकर्णाबाई माह्या टाक्यावर हात धुऊन राहिली. कुंडी रिकामी! "अवो धुरपता, तुह्या झाडाले रोग लागला होता वं! तू नव्हती घरी, मीच उपटून फेकलं. हिरवं नाही, म्हणजे रोगच ना?"

...कोणत्या तोंडानं बोलू? चूल पेटवली अन् म्हटलं, "बस वं मनकर्णा... चहा घे."