आडवं पडायची रजा

...नाही, मी म्हणतो, धडधाकट माणूस दिवसाढवळ्या आडवा पडला म्हणजे तो आजारीच असला पाहिजे, असा कुठं सरकारी कायदा आहे काय? असेल तर सांगा, म्हणजे पुढच्या खेपेला मी रजाच मागणार नाही! दोन वर्षं, तुम्हाला सांगतो, पुरी दोन वर्षं मुंबईच्या गिरणीत कापड विणायच्या दोन साच्यांच्या मधे उभा आहे मी, सकाळचा भोंगा झाला की उभा, संध्याकाळचा होईस्तोवर उभा, धागा तुटला की वाकायचं, गाठ मारायची नि परत उभं राहायचं, आणि एवढं करून जॉबरच्या, म्हणजे आमच्या मुकादमाच्या, हातापाया पडलो तेव्हा कुठं वैशाखात पंधरा दिवसांची रजा मिळाली. त्या पंधरा दिवसांत मला काय पाहिजे होतं? जत्रा? मेजवानी? छे हो. मला नुसतं आडवं पडायचं होतं.

रत्नागिरीला आगबोटीतनं किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरलो तेव्हाच जागा ठरवून ठेवली होती. मिरजोळ्याच्या वर आमची वाडी, वाडीत घर, घरापुढं खळं, खळ्याच्या कडेला फणस, फणसाखाली घोंगडी, घोंगडीवर मी! पहिला दिवस झकास गेला. 'दमलाय पोर' म्हणून आये डोक्यावरनं हात फिरवून गेली, आणि आमच्या बायकोनं, हौसेनं, बांगड्याचं तिखलं केलं. म्हटलं, शिवा, लेका, सुख ते हेच.

दुसऱ्या दिवशी आये परत आली, पण या खेपेला हात डोक्यावर नाही, कपाळावर. मग गळ्याला. मग पोटाला. म्हटलं, आये, मला काही झालेलं नाही, मी पडलोय. तर ती आत जाऊन हौसेला सांगते, 'पडलाय म्हनतोय.' झालं! दुपारी पानात नुसती पेज. आत बांगडा भाजल्याचा वास सुटलाय, आमची पोरं काटे चोखतायत, आणि मी, ज्याच्या रजेसाठी तो बांगडा आला तो मी, पेज पितोय! वर काडेचिराईताचा काढा. तो तुम्ही कधी घेतलाय? नका घेऊ. दोन दिवस जिभेला थुंकीसुद्धा कडू लागते.

तिसऱ्या दिवशी शेजारची गंगुबाई आली. आली ती उशाशीच बसली, नि माझ्याकडे न बघता आयेला म्हणते, 'रघू पन आसाच पडून व्हता गो.' रघू तिचा थोरला. मुंबईला गिरणीतच होता, गेल्या साली खोकत घरी आला, पडून राहिला नि मृगाच्या आधी गेला. आयेनं पदर डोळ्याला लावला, आणि मला, खरं सांगतो, लाज वाटली, आणि लाज वाटली तरी उठावंसं वाटेना, याची आणखी लाज वाटली. पण मला नुसतं आडवं पडायचं होतं हो!

आणि हौसा? तिला आजाराची भीतीच नव्हती, तिची भीती वेगळी. मागल्या दारी पाणी काढताना हळूच विचारते, 'अवो, गिरनीतना काढलानी काय तुमाला?' म्हटलं, नाही गं, रजा आहे. म्हणते, 'कामावरचा मानूस आसा पडून ऱ्हातो?' आता हिला कसं समजावू की कामावरचाच माणूस असा पडून राहतो! तिनं कधी पडून बघितलंय? पहाटे उठून रानात सुका पातेरा गोळा करायला जाते, येताना लाकडाची मोळी आणते, आणि जरा बूड टेकायला सांगितलं तर बसल्या बसल्या चिंच फोडायला घेते. तिच्या हिशेबी ती विश्रांती!

मग म्हटलं, बाला विचारू. बा म्हणजे आमचे वडील, भिकाजी, सत्तरीचे. पुरुष माणूस आहे, समजून घेईल. जाऊन बघतो तर बा शेताच्या बांधाचा दगडी गडगा पाडतोय. गुरांनी पाडलेला नव्हे हो, चांगला उभा, धड गडगा स्वतःच्या हातानं पाडतोय! म्हटलं, बा, हा कशाला पाडलास? तर धोंड्यावरनं हात फिरवत म्हणतो, 'वाकडा दिसत व्हता. वरीसभर डोल्यात सलत व्हता.' आणि तोंडावर काय आनंद! मी तसाच परत आलो नि घोंगडीवर पडलो.

पाचव्या दिवशी आयेनं ग्रामदेवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या अंगावर डावे-उजवे फुलांचे कळे लावले नि गाऱ्हाणं घातलं, की पोराला काही बाधलेलं नसेल तर उजवा कळा पाडून दे. मी हात जोडून उभा. मनात म्हटलं, देवी, तू तरी सांग यांना, सुटू दे मला. आणि देवीनं दिला हो, झटक्यात उजवा दिला! गुरव म्हणाला, पोर ठणठणीत आहे. मला केवढा आनंद झाला! तो देवळाची पायरी उतरेपर्यंत टिकला, कारण पायरीवर आये थांबली, मला खालपासून वर बघितलंन, नि इतके दिवस रडणारी ती बाई शांतपणे म्हणाली, 'मग उठ की रं.'

आता देवीनंच ठणठणीत ठरवल्यावर पडायचं कुठल्या तोंडानं? उठलो. पाडलेला गडगा परत सरळ रचायला बाच्या हाताखाली धोंडे उचलायला लागलो. दहा दिवस! पाठीचे तुकडे पडले, हाताला फोड आले, आणि तुम्हाला सांगतो, मला राग कशाचा आला असेल? बरं वाटलं त्याचा! गिरणीत मी हजारो वार कापड विणलं असेल, पण त्यातलं माझं कुठलं, विचाराल तर सांगता येणार नाही. इथं धोंडा बसला की कळतं, बसला. चौदाव्या दिवशी संध्याकाळी जेवायला हाक आली नि मी हात धुवायचा सोडून परत गडग्याकडं गेलो, एक धोंडा जरासा पुढं आला होता तो आत सारायला. बा मागनं बघत होता. बरोबर जेवायला बसला, नि त्याच्या पानातला बांगडा माझ्या पानात टाकलान. पण रजा संपली ती संपलीच!

परतीच्या बोटीत डेकवर पसरलो. म्हटलं, इथं आये नाही, हौसा नाही, देवी नाही. सगळीकडं माझ्यासारखेच रजेहून परतणारे आडवे पडलेले. आता कोण उठवणार? डोळे मिटले. उघडले. समोर कठड्याला आंब्याच्या पेट्यांची थप्पी, आणि वरची पेटी तिरकी. कूस बदलली, तरी तिरकीच. तुम्हीच सांगा, माझी आहे का ती पेटी? शेवटी उठलो, गुपचूप सरळ केली, नि वळतो तर शेजारचा पावस गावचा माणूस घोंगडीतनं डोकं बाहेर काढून म्हणतो, 'पलीकडची थप्पी मी मगाशीच लावली. आता उठलाच हायस, तर मधली आपण दोघं मिळून लावू.'

लावली. काय करणार?