गुंड्याचा आठ वाजताचा घास

हसशीला, पण आमच्या गुंड्याच्या पायाचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी त्या कुत्र्यापेक्षा माझेच हाल झालते. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "इंजेक्शनचा असर संध्याकाळपर्यंतच. आठ वाजता दुखण्याची गोळी द्या, पण पोटात अन्न पायजे. रिकाम्या पोटी अजिबात न्हाय."

आता आम्ही जैन. दिवस मावळला की आई तोंडात घास घेत न्हाय, आणि पिल्लू असल्यापासनं गुंड्या तिच्याबरोबरच जेवतोय. त्या दिवशी आई जेवली तवा त्यो गुंगीतच होता. आठ वाजता त्याच्यापुढं दूधभात ठेवला, तर त्यानं तोंड फिरवलं. पाय थरथराय लागलेला. कण्हत न्हवता, नुसता आईकडं बघत होता. डॉक्टरांचा फोन लागंना. शेवटी मी आईकडं वळलो.

"तू खाल्ल्याबिगर त्यो खाणार न्हाय, आई."

"मला कळतंय."

तिनं रिकामंच तोंड हलवलं. गुंड्या फसला न्हाय. मग तिनं पातेल्यातला भात हातावर घेतला, डोळं मिटलं आणि खरंच गिळला. गुंड्यानं लगेच ताटली चाटूनपुसून साफ केली. मग गोळीबी गिळली.

सकाळी फोन लागला. मी विचारलं, "डॉक्टर, आजपासनं गोळी दिवस मावळायच्या आत दिली तर?"

"चालतंय की! काल दुपारीच विचारायचं न्हाय व्हय?"

स्पीकर चालू होता. आईनं माझ्याकडं बघितलं.

"ते मुकं जनावर हाय," ती म्हणाली. "तुला तर तोंड हाय की!"